पत्र्यावरचे धोंडे

आक्का, तुमचं तेरावं होऊन आज पाच दिवस झाले. पाहुणे आपापल्या गावाला गेले, मंडपवाला मंडप घेऊन गेला. परवा दुपारी वावटळ उठली तेव्हा सवयीनं मी तुमच्या दाराकडं बघितलं. तुम्ही बाहेर येणार, डोळ्यांवर हात धरून मावळतीचं आभाळ बघणार आणि म्हणणार, "सुमन, बाजा भिंतीपासून सरकव." कोणी आलं नाही. बाजा मीच सरकवल्या.

चौकात तुमचा फोटो असलेला फलक लागलाय. दूध संस्थेच्या चेअरमन कौसल्याबाई, भावपूर्ण श्रद्धांजली, खाली बायांची नावं. सेक्रेटरी म्हणून माझं नाव सगळ्यात वर छापलंय. येता-जाता ते दिसलं की मी मान खाली घालते. तीस वर्षं तुमची जाऊ म्हणून एका अंगणात राहिले, त्यातली सोळा वर्षं तुमच्या शेजारी बसून संस्थेत दूध मोजलं, आणि एक गोष्ट तुम्हाला सांगितली नाही. ती आता सांगायची तर तुम्ही ऐकायला नाहीत. तरी सांगते.

पाडवा झाला की तुमचं सुरू व्हायचं. लिंबाची वाळकी फांदी आधी तोडायची. गुरांची दावण झाडाखालून हलवायची. रांजण, टाक्या, घागरी काठोकाठ, कारण लाईट गेली की बोअर बंद आणि टँकरचा भरवसा नाही. सातबारा, आधार कार्डं, संस्थेची रजिस्टरं प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत. कंदिलाची काच पुसून तो दाराच्या आतल्या खिळ्याला, काडेपेटी डब्यात. जळणाच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या ताडपत्रीखाली. आणि शेवटी पत्रे. शिडी लावून तुम्ही स्वतः वर चढायच्या, पत्रा आड्याला धरून ठेवणारा एक-एक लोखंडी हूक हातानं हलवून बघायच्या.

गाव हसायचं. मीही हसले आहे. तीन-तीन वर्षं पाऊस नाही, विहिरींचा तळ दिसतोय आणि ही बाई वादळाची तयारी करतीय. एकदा मी म्हणाले, "आक्का, पावसाचा पत्ता न्हाई आन् तुमी कावून जीव दमवता?" तुम्ही वरूनच उत्तर दिलं, "पावसाची समदे वाट बघत्यात. वाऱ्याची कुणी बघत न्हाई, म्हणून त्ये घात करतं."

मी लग्न होऊन आले तेव्हा आपल्या घरावरही सगळ्या गावासारखे पत्रे दाबायला धोंडे होते. ते तुम्ही उतरवायला लावले आणि हूक बसवून घेतले. तुमचं लहानपण आई-बापाबरोबर ऊसतोडीच्या फडावर गेलेलं. वादळात तुमची कोपी, पाचटाची झोपडी, दोनदा उडाली होती, ते तुम्ही कितीदा सांगायच्या. "कोपी उडाली तं अंगावर पाचट पडतं, झटकायचं आन् उठायचं. पत्र्यावरचा धोंडा पडला तं माणूस उठत न्हाई." उतरवलेले धोंडे घरामागं भिंतीला लावून ठेवले होते. ते तिथंच राहिले, हीच चूक झाली.

आपली भांडणं काही कमी नव्हती. संस्थेत दूध थंड ठेवायचं मशीन आलं तेव्हा मी म्हणाले, आता खव्याच्या या तीन कढया मोडीत देऊन टाकू, खोली अडते. तुम्ही ऐकेनात. "लाईट हाय तवर मशीन. लाईट गेली का नुसतं डबडं." मी ठरावाची भाषा केली. तुम्ही म्हणालात, "तू धावी शिकलेली, ठराव लिव्ह. कढया माझ्या अंगावरून ने." महिनाभर आपण एकमेकींशी दुधाच्या फॅटशिवाय काही बोललो नव्हतो. मग एका सकाळी तुम्ही माझ्यासमोर चहाची बशी सरकवली आणि भांडण मिटलं. आपली सगळी भांडणं अशीच मिटायची. म्हणून मला वाटत राहिलं की हेही मिटेल, कधीतरी, चहाच्या बशीवर.

चारा छावणीचं ते साल, आठ वर्षांमागचं. गावातली गुरं छावणीत, तुमचा लेक विष्णू कारखान्याच्या ट्रॅक्टरवर, आणि माझी रेखा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. वैशाखात मुलगी झाली. रेखा अशक्त, दूध पुरत नव्हतं, बाळ किरकिर करायचं. आणि माझ्या खोलीच्या मागच्या बाजूचे दोन हूक गंजून तुटले होते. वारा सुटला की पत्रा खडखड वाजायचा आणि बाळ दचकून उठायचं. एकदा उठलं की तासभर छातीला लागायचं नाही.

तुम्हाला दूध संघाच्या बैठकीला माजलगावला जायचं होतं. जाताना तुम्ही म्हणालात, "येताना हूक आणते. तवर रेखाला माझ्या खोलीत झोपव. तिथले हूक पक्के हायेत."

एवढंच करायचं होतं मला. चार पावलांवर तुमची खोली. पण माझ्या लेकीचं बाळंतपण माझ्या खोलीत व्हायला हवं होतं. दर वेळी तुमचंच खरं कशाला, असंही मनात होतं. आज लिहिताना लाज वाटते, पण तसं होतं.

तुम्ही गेलात त्या दुपारी वारा वाढला. पत्रा वाजायला लागला, बाळ रडून रडून लाल झालं, रेखाही रडायला लागली. हे छावणीत गुरांपाशी होते. मी शिडी मागच्या बाजूला लावली आणि भिंतीचे धोंडे एक-एक करून वर नेले. पाच धोंडे. पत्रा गप्प झाला. बाळ झोपलं, रेखा झोपली, आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं. हूक आले की उतरवू, असं म्हणून मी खाली आले. कोणाला सांगितलं नाही. तेव्हा लपवायचं म्हणून नाही, सांगण्यासारखं काही वाटलं नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास तुम्ही जीपमधून उतरलात. हातात हुकांची पिशवी. मी दारात तांदूळ निवडत होते. तुम्ही माझ्याकडं बघितलंच नाही, आभाळाकडं बघत होतात. मावळतीला मातीच्या रंगाची भिंत उभी राहिली होती आणि वारा एकदम पडला होता. झाडाचं पान हलत नव्हतं.

"सुमन, रेखा कुठंय?"

"माझ्या खोलीत. आत्ताच डोळा लागलाय दोघींचा."

"उठव. माझ्या खोलीत घे."

"आक्का, पोर सकाळपासून पहिल्यांदा झोपलीय."

"उठव म्हणते ना."

तुम्ही चप्पल न काढताच आत गेलात. मी मागून आले. त्या वेळी मला सांगता आलं असतं, आक्का, वर धोंडे आहेत. चार शब्द. तोंडापर्यंत आले होते. पण तुम्ही चिडलेल्या होतात, मी चिडलेली होते, आणि आत्ता हे कबूल केलं तर आयुष्यभर ऐकावं लागेल असं वाटलं. मी रेखाला हात देऊन उठवायला लागले.

मग वारं आलं. सुरुवातीला धूळ, खोलीत अंधार, आणि लगेच पत्र्यावर गारा. कानाला काही ऐकू येईना. तुम्ही बाजेवर वाकून बाळाला उचलत होतात. मागचा पत्रा एकदा फडफडला, दुसऱ्यांदा वर उचलला गेला, आणि मी आभाळ बघितलं, घराच्या आतून. त्या फटीतून दोन धोंडे आत आले. एक जमिनीवर पडून फुटला. दुसरा तुमच्या उजव्या खांद्यावर पडला.

तुम्ही ओरडला नाहीत. बाळाला दोन्ही हातांनी पोटाशी धरून तुम्ही खाली बसलात, बसल्याबसल्या तिच्यावर वाकलात, आणि म्हणालात, "हिला घे. माझा हात सुटायलाय."

मी घेतलं. तुमची खोली चार पावलांवर होती, पण गारांतून तिथं जायला आम्हाला किती वेळ लागला सांगता येणार नाही. रेखा माझ्या पदराला धरून, बाळ माझ्या छातीशी, तुम्ही डाव्या हातानं भिंत चाचपत. तुमच्या खोलीचा एक हूकही हलला नव्हता. आत कोरडं होतं. कंदील खिळ्याला होता, काडेपेटी डब्यात होती. मी काडी ओढली ती तिसऱ्यांदा पेटली.

वादळ अर्धा तास होतं. थांबल्यावर हे छावणीतून पळत आले, शेजारपाजार जमला. गयाबाई आपली जुनी सभासद, तिनं तुमचा हात साडीच्या पट्टीनं गळ्यात बांधला. बाहेरून कोणीतरी म्हणालं, धोंडा लागला, वरचा धोंडा. गयाबाईनं मान वळवली. "तुमच्या पत्र्यावर धोंडे कुठून आले? कौसाबाईनं तं कवाच उतरवलते. कुणी ठिवले?"

 तुम्ही डोळे मिटून भिंतीला टेकला होतात, ते उघडले. माझ्या हातांत बाळ होतं. मी तिचं दुपटं सारखं करत राहिले. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. वीस-बावीस वर्षांचा संसार असला की माणसाला काही विचारावं लागत नाही.

"मी ठिवलते," हे म्हणाले.

तुम्ही त्यांच्याकडं बघत राहिलात. "बापू, तुला धा येळा सांगितलं व्हतं." एवढंच. त्यानंतर आठ वर्षं तुम्ही तुमच्या धाकट्या दिराशी थेट एक शब्द बोलला नाहीत.

तेलगावच्या रस्त्यावर बाभळी आडव्या पडल्या होत्या. विजेचे खांब वाकून तारा शेतात लोळत होत्या. सकाळपर्यंत गाडी निघणार नव्हती, म्हणजे दवाखानाही नाही आणि दूध न्यायला टँकरही नाही. खांदा सुजून वर आला होता आणि तुम्ही विचारलं, "मशीनमधी किती हाय?" मी सांगितलं, सकाळचं सगळं. दुष्काळात छावणीतल्या गाईंचं ते थोडकं दूध, त्यावर गावातल्या चाळीस घरांचा आठवडा चालायचा. ते नासलं असतं तर बायांनी दुसऱ्या दिवशी दूध घातलंच नसतं, खासगी डेअरीवाला दारात उभाच होता.

"कढया काढ," तुम्ही म्हणालात. "आधी समदं उकळून ठिवा. आटवायचं उद्या. पऱ्हाट्या कोरड्या हायेत."

तुम्हाला बाजेवर बसवून संस्थेच्या ओट्यावर आणलं. तीन चुली पेटल्या. ज्या कढया मी मोडीत काढणार होते त्यांत सगळ्या गावाचं दूध उकळत होतं आणि मी उलथणं फिरवत होते. तुम्ही डाव्या हातानं खुणा करत होतात, जाळ कमी कर, बुडाला लागंल. मला वाटलं, आता म्हणाल, बघ कढया. तुम्ही म्हणाला नाहीत. चार दिवस लाईट नव्हती. चार दिवस आपण खवा केला आणि तो सिरसाळ्याच्या बाजारात गेला. एकाही बाईचं दूध फेकावं लागलं नाही.

सकाळी ट्रॅक्टरनं बाभळी ओढल्या तेव्हा तुम्हाला दवाखान्यात नेलं. हाड जुळलं, पण वाकडं. उजवा हात खांद्याच्या वर कधी गेला नाही. वेणी घालायला तुम्हाला दुसऱ्याचा हात लागायला लागला. बहुतेक वेळा माझा. तुमच्या केसांतून फणी फिरवताना मी किती वेळा सुरुवात केली असेल. "आक्का" म्हणायचे. तुम्ही "हां" म्हणायच्या. मग मी म्हणायचे, तेल संपलंय.

मी ह्यांना त्याच आठवड्यात म्हणाले होते, मी सांगते त्यांना. हे म्हणाले, "नको. तू संस्थेत तिच्या मांडीला मांडी लावून बसतीस. तुमचं दोघींचं मोडलं तं संस्था मोडंल, आन् ह्या साली ती मोडली तं गाव मोडंल. माझ्याशी न्हाई बोलली तं काय बिघडतंय? मी रानात असतो." ते खरं होतं, आणि मला सोयीचंही होतं. मी त्याला धरून राहिले. दुष्काळ सरला, संस्था तरली, पाऊस झाला, सिंदफणा नदीला पाणी आलं. मग कारण उरलं नाही, तरी मी बोलले नाही.

दर पाडव्याला हे शिडी लावून वर चढायचे, तुमच्याही पत्र्यावर. तुम्ही खाली उभ्या राहून माझ्याशी बोलायच्या. "सुमन, त्याला म्हणावं, डावीकडचा ढिला हाय." हे तीन हातांवर. मी म्हणायचे, अहो, डावीकडचा. हे आवळायचे. रेखाची पोर सुट्टीत आली की हे बघून हसायची. ती आता तिसरीत आहे. तिला वाटायचं, हा आपल्या घरातला खेळ आहे.

एकदा, गेल्या दिवाळीच्या आसपास, आपण दोघी ओसरीवर शेंगा फोडत होतो. हे कमरेला पट्टा बांधून अंगणातून गेले. तुम्ही शेंग फोडता फोडता म्हणालात, "बापूची कंबर लगीन झाल्यापसनं दुखती. ज्वारीचं अर्धं पोतं उचलत न्हाई. धोंडे कसे नेले असतील त्यानं वर?"

मी शेंगांकडं बघत होते. तुम्ही माझ्याकडं बघत होतात, हे मला न बघता कळत होतं.  मग तुम्ही टरफलं सुपात भरली आणि आत गेलात. आक्का, तो प्रश्न होता का? तुम्ही मला वाट करून दिली होती का? की सहज बोललात? हे मी आता कोणाला विचारू?

तुम्हाला ताप आला तो साधाच वाटला. तिसऱ्या दिवशी छाती भरली, चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. विष्णू आला. तुमचा विष्णू काकाशी तेव्हापासून फटकूनच होता, पण त्या दिवशी त्यानं जे केलं ते मी विसरणार नाही. तिरडी उचलायची वेळ झाली. हे पुढं झाले, टॉवेल खांद्यावर घेतला. विष्णूनं हात आडवा धरला.

"काका, तुमी खांदा देऊ नका. तुमच्यापायी तिचा खांदा गेला."

सगळं गाव उभं होतं. ह्यांनी टॉवेल काढून हातात घेतला आणि बाजूला झाले. भावजयीच्या प्रेतामागं हे सगळ्यात शेवटी चालत गेले. आणि मी, आक्का, तेव्हाही गप्प होते. बायांत उभी राहून रडत होते. लोकांना वाटलं जावेसाठी रडतेय.

तेरा दिवस मी स्वतःला सांगत राहिले, पाहुणे जाऊ देत. पाहुणे गेले. परवा ती वावटळ आली आणि काल विष्णू तुमच्या खोलीचे पत्रे बघायला शिडी घेऊन आला. हे मदतीला उठले. तो म्हणाला, "तुमी ऱ्हाऊ द्या." त्याच आवाजात. हे परत बसले.

मी अंगणात गेले. "विष्णू, खाली उतर."

"काय काकू?"

"त्या वक्ताला धोंडे मी ठिवलते. तुझ्या काकानं न्हाई."

तो शिडीच्या मधल्या पायरीवर होता. तिथंच थांबला. मी सगळं सांगितलं, हूक, बाळ, पाच धोंडे, तुम्ही आत आलात तेव्हा माझे न बोललेले शब्द. कुठं थांबले नाही, रडलेही नाही. तो उतरून शिडीला टेकून उभा राहिला. त्यानं ह्यांना विचारलं, "काका, तुमी आईला कधीच कावून सांगितलं न्हाई?"

हे म्हणाले, "सांगून तिचा हात वर झाला असता का?"

"आन् खांदा देताना? तवा तरी बोलायचं व्हतं."

"तवा तुझी आई मधी व्हती. तिच्यापुढं भांडण कशाला."

विष्णू खाली बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एवढा चाळिशीचा बाप्या, ट्रॅक्टर चालवून हात राकट झालेला, त्याचे खांदे हलत होते. मग माझ्याकडं न बघता त्यानं विचारलं, "आईला माहीत व्हतं?"

"मला म्हाईत न्हाई," मी म्हणाले. ते खरं आहे. मला माहीत नाही.

संध्याकाळी आभाळ भरलं. दिवेलागणीच्या वेळी वारं आलं आणि लाईट गेली. विष्णूनं तुमच्या खोलीत कंदील लावला. पावसाचे टपोरे थेंब सुरू झाले. हे अंगणात गुरं सोडवून आडोशाला नेत होते, ते भिजत तुमच्या दारापर्यंत आले आणि थांबले.

"काका, आत या," विष्णू म्हणाला. "भिजायलाव."

हे आत गेले. विष्णूनं त्यांना टॉवेल दिला, बाज पुसून बसायला जागा केली. मी माझ्या दारात उभी राहून बघत होते. मधलं अंगण चार पावलांचं. मला कोणी हाक मारली नाही, आणि मी हाकेची वाट बघत नव्हते.